सानियाचं मनगट आणि आमच्या ताईचा गुडघा

माझं नाव सानिया. हे नाव सांगितलं की समोरचा लगेच आडनाव विचारतो, आणि आडनाव सांगितलं की पुन्हा एकदा माझ्या तोंडाकडे नीट बघतो. गाव लासुर्णे, तालुका इंदापूर. ऊस लावणाऱ्या घरात हे नाव आलं कुठून, हे मला इतक्या वेळा सांगावं लागलंय की फर्स्ट इयरच्या इंट्रोला मी उत्तर पाठ करूनच आले होते.

मराठी विभागासाठी 'काहीतरी माहितीपर लिही' असा निरोप आला तेव्हा आधी अंगावर काटाच आला. माझी दहावी कॉन्व्हेंटमधून. शाळेत मराठीचा एकच तास, आणि बाकीच्या वेळात मराठी बोललं की सिस्टर डोळे वटारायच्या. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका प्रूफ बघणाऱ्या मॅडमनी पदरात घ्याव्यात ही विनंती.

विषय मात्र सापडला होता. मागच्या सेमला मेसमध्ये रात्री जेवताना टेनिसवरून वाद झाला. आमच्या विंगमधली एक जण म्हणाली, "तुझी सानिया सिंगल्समध्ये चालली नाही म्हणून डबल्समध्ये गेली. आणि डबल्स म्हणजे काय गं, अर्धं टेनिस." मला राग आला. पण उत्तर देता येईना! वीस वर्षं जिचं नाव मिरवतेय तिच्या करिअरबद्दल मला चार वाक्यं धड सांगता येत नव्हती. त्याच आठवड्यात घरून फोन आला, ताईच्या गुडघ्याचा एमआरआय झालाय. ताई म्हणजे माझी चुलतबहीण, कबड्डीतली रेडर. तिचं नंतर सांगते. पण या दोन गोष्टी डोक्यात एकत्र फिरायला लागल्या आणि मी सबमिशन सोडून सानिया मिर्झाचं करिअर मुळापासून वाचून काढलं. (जर्नल उशिरा का आलं, याचं खरं कारण आज सरांना कळेल.)

तर आधी नावाची गोष्ट. माझा जन्म सप्टेंबर २००५ चा, ऐन गणपतीत. आज्जीला गौरी नाव हवं होतं, आणि खरं तर त्यावर कुणाचं काही म्हणणंही नव्हतं. पण त्याच दिवसांत न्यूयॉर्कला यूएस ओपन चालू होती. सानिया मिर्झा, वय अठरा, चौथ्या फेरीपर्यंत पोचली. भारताची कुठलीही मुलगी त्याआधी ग्रँड स्लॅमच्या सिंगल्समध्ये इतक्या पुढे गेली नव्हती. चौथ्या फेरीत मारिया शारापोव्हाने तिला ६-२, ६-१ असं हरवलं, म्हणजे सरळ धुतलंच. पण पप्पांना हरण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. लोडशेडिंगचे दिवस, मॅच रात्री उशिरा, आणि वीज आहे तेवढ्यात जे दिसलं ते बघून पप्पांनी नाव ठरवलं. आज्जीने शेवटपर्यंत मला 'सानी' म्हटलं. म्हणजे आपली सानुली, लहानगी. तिच्या दृष्टीने नाव मराठीच होतं.

पप्पांचं वेड उगाच नव्हतं. ते २००५ साल बघा. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनला तिला वाइल्ड कार्ड मिळालं, म्हणजे क्रमवारीवर थेट जागा मिळत नव्हती, आयोजकांनी दिली. दोन मॅच जिंकून ती तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्ससमोर उभी राहिली. हरली ६-१, ६-४, पण दुसऱ्या सेटमध्ये सेरेनाला चार गेम मोजावे लागले. फेब्रुवारीत हैदराबादला, स्वतःच्या गावात, तिने डब्ल्यूटीएची स्पर्धा जिंकली. फायनलमध्ये युक्रेनची अल्योना बोन्डारेन्को, तीन सेट. डब्ल्यूटीएचं सिंगल्सचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. लगेच दुबईला तिने स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला हरवलं, जी तेव्हाची यूएस ओपन विजेती होती. हे सगळं अठराव्या वर्षी. आपण अठराव्या वर्षी सीईटीच्या रांगेत असतो.

तसा तिचा जन्म मुंबईचा, १५ नोव्हेंबर १९८६. म्हणजे जन्माने ती आपल्याकडचीच. मग घर हैदराबादला गेलं आणि सहाव्या वर्षी हातात रॅकेट आली. वडील इम्रान मिर्झा हेच बराच काळ कोच. २००३ मध्ये विम्बल्डनचं मुलींचं डबल्स तिने रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाबरोबर जिंकलं आणि त्याच वर्षी ती प्रोफेशनल झाली.

प्रोफेशनल झाली म्हणजे काय झालं? हे मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं, चांगलं खेळायला लागलं की प्रोफेशनल. तसं नाही. बक्षिसाचे पैसे घेऊन खेळणं हाच धंदा करणं म्हणजे प्रोफेशनल. आणि १९६८ पर्यंत विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धांत अशा खेळाडूंना प्रवेशच नव्हता. तिथे फक्त हौशी खेळाडू. म्हणून आपल्या जुन्या खेळाडूंच्या खात्यावर 'करिअर' नावाची गोष्ट दिसत नाही. लीला राव हे नाव तुम्ही ऐकलंय? मीही नव्हतं ऐकलं. १९३४ मध्ये विम्बल्डनला मॅच जिंकणारी पहिली भारतीय स्त्री, मुंबईची. तिची आई पंडिता क्षमा राव, स्वतः टेनिस खेळणारी आणि संस्कृतमध्ये लिहिणारी. तुकाराम महाराजांचं चरित्र तिने संस्कृतात लिहिलंय. आणि क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, ज्यांचा १८६९ मध्ये छापलेल्या तुकारामांच्या गाथेच्या संपादनात हात होता. आता गंमत बघा. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडीचं रिंगण करून आमच्या लासुर्ण्यातूनच पुढे अंथुर्ण्याकडे जाते. ज्या गाथेतले अभंग आमच्या दारावरून जातात त्या गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनला खेळली होती, हे गावात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण लीला रावांच्या टेनिसवर कुणाचं घर चालणार नव्हतं. ते चालण्याची सोय नंतर झाली. डब्ल्यूटीए ही बायकांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना १९७३ ची. लीला रावांनंतर सिंगल्सच्या मुख्य ड्रॉमध्ये ग्रँड स्लॅमची मॅच जिंकणारी प्रोफेशनल जमान्यातली पहिली भारतीय मुलगी म्हणजे कोइमतूरची निरुपमा वैद्यनाथन, ऑस्ट्रेलियन ओपन, १९९८. मधली चौसष्ट वर्षं तुम्हीच मोजा.

आता क्रमवारीचं गणित, कारण त्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

आपला सीजीपीए कसा असतो? फर्स्ट सेमचे मार्क मरेपर्यंत चिकटून राहतात, चांगले असोत की वाईट. टेनिसची क्रमवारी उलटी आहे. कुठल्याही स्पर्धेत मिळालेले पॉइंट फक्त ५२ आठवडे जगतात. पुढच्या वर्षी तोच आठवडा आला की मागचे पॉइंट पुसले जातात आणि त्या जागी या वर्षी जे मिळाले ते बसतात. समजा मागच्या मे महिन्यात तुम्हाला एम-थ्रीला नव्वद पडले. या मे महिन्यात ते नव्वद गेले. बसा परत पेपरला. आजारी असाल, हात मोडला असेल, तरी ते गेलेच. टेनिसवाले याला 'पॉइंट डिफेंड करणं' म्हणतात. ग्रँड स्लॅम जिंकली तर २००० पॉइंट, फायनलला हरलात तर १३००. म्हणजे मागच्या वर्षी जिंकलेली बाई या वर्षी फायनल हरली तरी कागदावर ती ७०० ने खाली येते. सगळे टाळ्या वाजवतायत आणि ही मनात वजाबाकी करतेय.

आणि हे वरच्यांचं झालं. खालच्या पायरीवर आयटीएफच्या छोट्या स्पर्धा असतात. सानियाने सुरुवात केली तेव्हा सगळ्यात लहान स्पर्धेत सगळ्या खेळाडूंना मिळून बक्षीस १०,००० डॉलर असायचं. नंतर २०१७ पासून ते १५,००० झालं. बत्तीस मुलींत वाटायचं, त्यातून तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा, कोच. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीचं हॉटेलचं बिलही त्यातून सुटत नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर अशा स्पर्धा होतात. जमलं तर बघायला जा. टीव्हीवरच्या टेनिसपेक्षा ते वेगळंच असतं. लाइनमन ओरडतो, बॉलबॉय शाळेतली पोरं, आणि प्रत्येक पॉइंटवर कुणाचं तरी पुढच्या आठवड्याचं तिकीट लटकलेलं.

या सगळ्यातून सानिया २७ ऑगस्ट २००७ ला सिंगल्समध्ये जगात २७ व्या नंबरवर पोचली. भारतीय बाईने गाठलेला हा सगळ्यात वरचा नंबर, आणि तिच्यानंतर कुणी तिथे पोचलेलं नाही. 'सिंगल्समध्ये चालली नाही' म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीला माझा हा पहिला जबाब. जगात सत्तावीस!

पण त्याआधी आणि त्यानंतर शरीराचा हिशोब चालूच होता. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, आणि २००८ मध्ये उजवं मनगट गेलं. बीजिंग ऑलिंपिकला पहिल्याच फेरीत तिला मॅच अर्धवट सोडावी लागली. मनगटाचं ऑपरेशन झालं. उजव्या हाताच्या खेळाडूचं उजवं मनगट, म्हणजे आपल्या भाषेत मशीनचा मेन शाफ्ट.

इथे मी मेकॅनिकलची असल्याचा फायदा घेते. तिच्या फोरहँडची जगभर चर्चा होती. तिचे सांधे जन्मतःच नेहमीपेक्षा जास्त वळणारे, हायपरमोबाइल. त्यामुळे बॉलवर रॅकेट आदळायच्या क्षणी मनगटाची जी चाबकासारखी फटक बसायची ती इतरांना जमत नव्हती. पण जे जास्त वळतं त्याच्यावर ताणही तसाच येतो. मशीन डिझाइनला आपण एस-एन कर्व्ह काढतो ना, पाठ करून का होईना? त्यात हेच आहे. एखादी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुढे-मागे वाकवत राहिलं की मटकन तुटते, आणि शेवटी जोर काही जास्त लावलेला नसतो. फटीग. लोड किती यापेक्षा किती वेळा, हा प्रश्न. शरीर स्टीलपेक्षा एका बाबतीत बरं, ते विश्रांती मिळाली की स्वतःला दुरुस्त करतं. पण टेनिसचं कॅलेंडर जानेवारीला सुरू होऊन जवळपास नोव्हेंबरपर्यंत चालतं आणि विश्रांती घेतली की ते ५२ आठवड्यांचं रबर फिरायला लागतंच. मी डॉक्टर नाही, सांध्यांबद्दल जास्त बोलणार नाही. पण मागच्या वर्षी जो टॉपिक मी फक्त पंधरा मार्कांसाठी केला होता तो मला पहिल्यांदा इथे समजला.

ऑपरेशननंतर ती शंभराच्या बाहेर गेली. २०११ मध्ये परत शंभराच्या आत आली, आणि २०१२ हे तिचं सिंगल्सचं शेवटचं वर्ष ठरलं. वय सव्वीस.

आता येते मूळ वादावर, म्हणजे अर्धं टेनिस. मी आमच्या हॉस्टेलच्या मागच्या सिमेंटवर खडूने कोर्ट काढून दाखवलं होतं, रेक्टर मॅडमनी पुसायला लावलं. शब्दांत सांगते. कोर्टाची लांबी दोन्ही खेळांत तीच, ७८ फूट. सिंगल्सची रुंदी २७ फूट, डबल्सची ३६. म्हणजे डबल्सचं कोर्ट मोठं, पण माणसं दोन. एकीच्या वाट्याला १८ फूट. सत्तावीसच्या जागी अठरा, बरोबर दोन तृतीयांश. पळणं कमी झालं, गुडघ्यांवरचा भार कमी झाला. शिवाय ग्रँड स्लॅम सोडून टूरवरच्या डबल्समध्ये ४०-४० झालं की एकच निर्णायक पॉइंट, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक. मॅच लवकर संपते. म्हणजे मनगटाच्या एस-एन कर्व्हवर ती डावीकडे सरकली, सायकल्स कमी झाल्या.

पण कमी पळणं म्हणजे सोपं खेळणं नव्हे. समोर दोघी, त्यातली एक नेटला चिकटून उभी. सिंगल्समध्ये जो शॉट आरामात जागेवर पडतो तो इथे नेटवरची बाई मधेच उचलून तुमच्या पायात मारते. बॉल कमी उंचीवरून, कोनात, आणि निम्म्या वेळात खेळावा लागतो. सर्व्हिसनंतर कोण कुठे सरकणार हे आधी ठरवायचं, बोटांच्या खुणा पाठीमागून करायच्या. आणि सगळ्यात अवघड म्हणजे दुसरीने चूक केली तर तोंड पाडायचं नाही. ज्यांनी ग्रुप प्रोजेक्ट केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सानियाची सर्व्हिस कधीच फार भारी नव्हती, कोर्टवर पळण्यातही ती जगातल्या पहिल्या दहात नव्हती. तिच्याकडे फोरहँड होता आणि रिटर्न होता. सिंगल्समध्ये तिच्या उणिवा उघड्या पडायच्या. डबल्समध्ये नेटवर कुणीतरी उस्ताद उभी केली की मागून तो फोरहँड तोफेसारखा चालायचा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. डबल्सला पैसा कमी, गर्दी कमी. २०१५ च्या विम्बल्डनला सिंगल्स जिंकणाऱ्या बाईला १८ लाख ८० हजार पौंड होते. डबल्सच्या जोडीला मिळून ३ लाख ४० हजार. माणशी १ लाख ७०. अकरापट फरक. वर्तमानपत्रात सिंगल्स पहिल्या कॉलमला आणि डबल्स खाली कोपऱ्यात. म्हणजे तिने सोडलं ते खरंच मोठं होतं, आणि ते तिला माहीत असणार. तिच्या स्कर्टवर आणि लग्नावर या देशात रकानेच्या रकाने लिहिले गेले. या निर्णयावर कुणी फार लिहिल्याचं मला तरी सापडलं नाही.

डबल्समध्ये ती आधीपासून होतीच. २००९ ला ऑस्ट्रेलियन आणि २०१२ ला फ्रेंच, दोन्ही मिक्स्ड डबल्स महेश भूपतीबरोबर. २०१४ ला यूएस ओपनचं मिक्स्ड ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर, आणि त्याच वर्षी झिम्बाब्वेच्या कारा ब्लॅकबरोबर वर्षाखेरीची डब्ल्यूटीए फायनल्स. पण खरी मजा मार्च २०१५ पासून. जोडीदारीण मार्टिना हिंगिस, स्वित्झर्लंडची. ही बाई १९९७ मध्ये सोळाव्या वर्षी सिंगल्सची जगात एक नंबर होती, आणि नंतर दुखापतींनी तिचंही सिंगल्स मोडलं. म्हणजे दोघीही दुसऱ्या डावातल्या. (जाता जाता, हिंगिसचं नाव तिच्या आईने मार्टिना नवरातिलोवावरून ठेवलं होतं. टेनिस बघून पोरीचं नाव ठेवणारे फक्त आमचे पप्पा नाहीत!) नेटवर हिंगिसचं डोकं, मागे सानियाचा फोरहँड. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन, अशा लागोपाठ तीन स्पर्धा त्यांनी जिंकल्या आणि १३ एप्रिल २०१५ ला सानिया डबल्समध्ये जगात एक नंबर झाली. भारतातली कुठलीच बाई टेनिसमध्ये त्याआधी एक नंबर झाली नव्हती.

त्या जुलैमधली विम्बल्डनची फायनल मला स्वतःला आठवते. मी नऊ वर्षांची. पालखी यायची होती म्हणून घरात रंग काढलेला, सगळं सामान हॉलच्या मधोमध, आणि टीव्ही एका खोक्यावर. समोर एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना वेस्निना. पहिला सेट गेला ५-७. दुसरा टायब्रेकवर आला. तिसऱ्यात त्या दोघी २-५ ने मागे. आज्जी म्हणाली, "सानी, झोप आता, हरली ती." पप्पा काहीच बोलले नाहीत. मग एक एक गेम करत ५-५ झालं, आणि तेवढ्यात तिकडे अंधार पडला म्हणून कोर्टचं छत बंद करायला खेळ थांबला. इकडे मध्यरात्र उलटून गेलेली. छत लागलं, दिवे लागले, आणि ७-५. पप्पांनी उठून ओल्या भिंतीला हात टेकवला. तो पंजा अजून कपाटामागे आहे, नंतर कुणी रंग दिला नाही.

पुढे यूएस ओपन, मग वर्षाखेरीची फायनल्स, मग जानेवारी २०१६ ला ऑस्ट्रेलियन ओपन. लागोपाठ ४१ मॅच ही जोडी हरली नाही. दोघींनी मिळून १४ स्पर्धा जिंकल्या. सानिया एकूण ९१ आठवडे एक नंबरवर राहिली. मघाचं ५२ आठवड्यांचं गणित आठवा, आणि मग ९१ कडे बघा. मागच्या वर्षीचं सगळं पुसून परत कमवल्याशिवाय ते होत नाही. कारकीर्दीत डबल्सची ४३ विजेतेपदं आणि सिंगल्सचं ते एकच, हैदराबादचं. ग्रँड स्लॅम सहा, तीन डबल्स आणि तीन मिक्स्ड.

आता आमच्या भागाशी तिचा धागा. लासुर्ण्याहून इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत गेलं की बार्शी लागते. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या इंचॉन एशियन गेम्समध्ये सानियाची जोडीदार होती, दोघींना ब्राँझ मिळालं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकलाही याच दोघी. पहिल्या फेरीत चीनच्या जोडीशी तीन सेट झुंजून हरल्या. मला त्या हरण्याचं फार वाटलं नाही. बार्शीची पोरगी जगातल्या एक नंबरच्या खेळाडूशेजारी ऑलिंपिकच्या कोर्टवर उभी होती, हे जास्त लक्षात राहिलं. टोकियोला पुण्यात राहून सराव केलेली अंकिता रैना जोडीला होती.

ऑक्टोबर २०१८ ला सानियाला मुलगा झाला. बाळंतपणानंतर तिचं वजन २६ किलोंनी उतरवल्याचं तिने स्वतः सांगितलंय. जानेवारी २०२० ला होबार्टला परत आली आणि परतीची पहिलीच स्पर्धा नादिया किचेनोकबरोबर जिंकली. २०२२ हे शेवटचं वर्ष असं जाहीर केलं, तर कोपर दुखावलं आणि शेवट पुढे गेला. जानेवारी २०२३ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिक्स्डच्या फायनलला रोहन बोपण्णाबरोबर पोचली, हरली. फेब्रुवारीत दुबईला शेवटची मॅच, पहिल्याच फेरीत पराभव. वीस वर्षं प्रोफेशनल. मेसमधल्या मैत्रिणीला हे सगळं एकदम ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "बरं बाई, पाऊण टेनिस." एवढ्यावर मिटवलं.

ताईचं राहिलं. ताई बावीस वर्षांची. शाळेपासून रेडर, जिल्ह्याच्या संघात खेळलेली, आणि दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतेय. गावोगावच्या स्पर्धेत रेड टाकून परत येताना पाय मातीत अडकला आणि अंग वळलं. एमआरआयमध्ये लिगामेंट फाटलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नऊ महिने मैदान विसरा. घरात काकी म्हणाली, झाली कबड्डी, आता स्थळं बघू.

मी ताईला फोनवर हे सगळं सांगितलं. गुडघे, मनगट, २७ फूट, १८ फूट, हिंगिस, सगळं. ती मधे एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "सानी, तिला डबल्स होतं. कबड्डीत डबल्स असतं का?"

मला उत्तर आलं नाही. मी पंचांची परीक्षा म्हणाले, कोचिंग म्हणाले. ती म्हणाली, "आधी भरतीचं आठशे मीटर धावायचंय मला, ते सांग कसं." मग तिने विचारलं की नऊ महिने म्हणजे किती आठवडे. एकोणचाळीस, मी म्हणाले. "म्हणजे बावन्नपेक्षा कमीच की," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मागच्या शनिवारी एसटीने घरी गेले. ऑपरेशनची तारीख अजून मिळायचीय. संध्याकाळी कालव्याच्या बाजूच्या मोकळ्या रानात शाळेच्या पोरी कबड्डी खेळत होत्या. ताई कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली, पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब केलेला, गुडघ्यावर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. हातात पप्पांचं जुनं घड्याळ. रेडचे तीस सेकंद मोजत होती आणि वेळ संपली की अशी ओरडत होती की रस्त्यावरचा ऊसवाला ट्रॅक्टर थांबून बघत होता.